मंदा, तुझा गुडघा बरा होता

मंदा, तुला जाऊन आज तेवीस दिवस झाले. त्यातले पहिले बारा दिवस मी तुझ्यासाठी रडले. उरलेले अकरा दिवस मी तुझ्यावर चिडलेली आहे, आणि हे तुला तोंडावर सांगता येत नाही म्हणून आणखीच चिडलेली आहे.

बाराव्याची पंगत उठली तेव्हा तुझ्या नवऱ्याने, यशवंत भावोजींनी, मला तुझ्या शिलाईच्या खोलीत बोलावलं. मशीनवर कुणाचातरी ब्लाऊज तसाच होता, एक बाही लावलेली, एक राहिलेली. भावोजींनी अस्तराच्या कापडांचा गठ्ठा उचलला आणि खालून प्लास्टिकची फाईल काढली. "सिस्टर, आता बघा तुम्ही. आता काय ते..." एवढं बोलून ते जनेलाचे गज धरून बाहेर बघत उभे राहिले. आपलं सगळं साखळी गाव मला सिस्टर म्हणतं. तेहतीस वर्षं आरोग्य केंद्रात नर्स म्हणून काढली, ती फाईल वाचायला मला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. हृदयाची झडप खराब झालेली. ऑपरेशन करायला हवं, लवकर करायला हवं. चढ चढू नये. कागद चवथीनंतरचा, गणपती गेल्यावरचा होता, आणि तू गेलीस होळीचा शिगमो संपल्यावर. म्हणजे सहा महिने तुला सगळं ठाऊक होतं.

"कोणाकोणाला माहीत होतं?" मी विचारलं.

"मला. प्राचीला. प्राचीच्या सासूबाईंना पण."

"म्हणजे मला सोडून सगळ्यांना."

लेकीची, प्राचीची, शपथ घातली होतीस म्हणे भावोजींना. "कोणालाही सांगा म्हणाली, फक्त सिस्टरला नको."

फक्त सिस्टरला नको! हे वाक्य अकरा दिवस माझ्या डोक्यातून हलत नाही. भाजी चिरताना, आंघोळ करताना, मध्येच आठवतं आणि हातातली वस्तू आपटावीशी वाटते. एक कप फुटला. तो तूच दिलेला होता, बरं झालं.

त्या दिवशी सकाळी भावोजी धावत मला बोलवायला आले तेव्हा तू स्वयंपाकघरात जमिनीवर होतीस, चहाची गाळणी शेजारी पडलेली. मी तुझ्या छातीवर दोन्ही हात ठेवून दाबत होते, मोठ्यामोठ्याने आकडे मोजत होते, मध्येच तुला शिव्या पण देत होते, उठ गो, उठ मेले म्हणून. आत काय बिघडलंय हे शेजारी उभ्या भावोजींना माहीत होतं, फक्त मला नव्हतं. प्राचीचा फोन आला तेव्हा तिने पहिलं काय विचारलं, "आईचं हार्टच ना?" मला तेव्हा वाटलं, पोरीने अंदाजाने विचारलं. माझ्यासारखी मूर्ख मीच.

आणि बेळगाव! फाईलवर तिथल्याच दवाखान्याचं नाव. चवथीनंतर तू बेळगावला गेलीस ते अस्तराचं कापड आणायला, असंच ना? साखळीतल्या सगळ्या शिवणकामवाल्या बेळगावला कापडाला जातात, मला काय संशय येणार होता? संध्याकाळी येताना माझ्यासाठी खणाचं कापड घेऊन आलीस, जांभळं, बारीक बुट्ट्यांचं. "तुझ्या अंगाला शोभेल," म्हणालीस. दोन दिवसांत शिवूनही दिलंस. म्हणजे डॉक्टरांनी तुला ते सगळं सांगितलं आणि तू दवाखान्याच्या पायऱ्या उतरून कापडाच्या दुकानात शिरलीस, आणि माझ्यासाठी रंग निवडत बसलीस. मी दिवाळीला तो ब्लाऊज घातला आणि सगळ्यांना मिरवून दाखवला. आता तो कपाटात सगळ्यांत खाली ठेवलाय. टाकवत पण नाही आणि बघवत पण नाही.

तुला चालायला लावलं ते मी. दिवसभर मशीनवर वाकून तुझी पाठ गेली होती आणि तू औषधाच्या गोळ्या मागायला केंद्रात यायचीस. मी गोळ्या दिल्या नाहीत. म्हटलं, रविवारी सकाळी बूट घालून ये. तू चपला घालून आलीस आणि पहिल्याच चढावर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केलास. पण सहा महिन्यांत वाघेरीचा डोंगर माझ्याआधी चढायला लागलीस. वर जाऊन दगडावर बसायचीस आणि मी धापा टाकत यायला लागले की ओरडायचीस, "या सिस्टर, या! नाव नोंदवा, केसपेपर काढा, डॉक्टर जेवायला गेलेत!" रानातली माकडंसुद्धा पळायची त्या आवाजाने. तुझ्याएवढं मोठ्याने हसणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

आणि माझे हे गेले तेव्हा पंधराव्या दिवशी सकाळी तू माझ्या दारात उभी होतीस. पायात बूट, पिशवीत पोदेराच्या पावभट्टीतले गरम उंडे. "चल." मी तुला नको नको ते बोलले. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "बाकीच्या शिव्या वाटेत घाल, बस चुकेल." त्या दिवशी मी वाटभर बोलले नाही आणि तूही बोलली नाहीस, आणि घरी आल्यावर मी पहिल्यांदा पोटभर जेवले. हे मी विसरलेले नाही. म्हणूनच तर सांगते, तू असं करायला नको होतंस.

गेल्या दिवाळीनंतर तू म्हणालीस, "डोंगर नको आता. गुडघा धरतो. नदीकाठाने जाऊ." मला हसू आलं. वाघेरीवाली आता काठाकाठाने चालणार! केरीच्या पुलापाशी बसमधून उतरायचं, पोफळीच्या कुळागरांच्या बाजूने पाटाच्या कडेकडेने जायचं, ओढ्यावरचा साकव ओलांडायचा, आणि पुढे दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येतात आणि नदी मोठमोठ्या दगडांतून येते तिथपर्यंत. तास-सव्वा तासाची वाट. चढ असा नाहीच. शाळेची लहान पोरं सहलीला येतात तिथे. पोफळींच्या सावलीतून चालायचं, पाण्याचा आवाज कायम उजव्या हाताला. वाट सुंदर आहे, नाही म्हणत नाही मी. पण मी तुला सोडलं नाही. पेन्शनर म्हटलं, आजीबाय म्हटलं, बसमध्ये सगळ्यांसमोर म्हटलं, "हिला सीट द्या, हिचा गुडघा गेला." आणि तू हसलीस. दर वेळी हसलीस. गुडघ्यावर हात ठेवून, ओय-ओय करून, वर नाटकं करून दाखवलीस.

मी माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीची, ती मरायला टेकलेली असताना, चारचौघांत चेष्टा केली. आणि ती तू मला करू दिलीस. एकदा तरी माझं तोंड बंद करायचं होतंस, मंदा. एक शब्द पुरला असता.

पण खरं सांगायचं ते वेगळंच आहे. ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

शिगमोच्या आधीचा रविवार. साकवापर्यंत यायला आपल्याला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. तू दर दहा पावलांवर थांबत होतीस, हे झाड कसलं, ते पाखरू कसलं, तिथे एक बाई धुणं धूत होती तर तिच्या ब्लाऊजची पाठ कशी चुकलीय. मला कळत होतं की तू बहाणे करत्येस, पण मला वाटलं आळस. साकवाच्या अलीकडे तू दगडावर बसलीस आणि पाय पाण्यात सोडलेस. "तू जा पुढे. मी इथेच बसते." माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "एवढ्या लांब येऊन पाण्यात पाय घालून बसायचं असेल तर घरीच बाल्दीत घालायचे होतेस!" आणि खांद्यावरची पिशवी घेऊन मी तरातरा पुढे गेले. साकवावरून मागे वळून बघितलंसुद्धा नाही. वर दगडांपाशी बसून माझे उंडे आणि भाजी खाल्ली आणि रागाच्या भरात तुझ्या वाटणीचीही खाल्ली. तासाभराने परत आले. तू तशीच बसलेली. "मजा आली?" विचारलंस.

तुझे पाय पाण्याबाहेर काढलेस तेव्हा ते सुजलेले होते. मी बघितलं, मंदा. मी बघितलं आणि म्हटलं, "पाय कसले झालेत गो?" तू म्हणालीस, "पाण्यात राहून सुजले," आणि मी बरं म्हटलं. तेहतीस वर्षं मी गरोदर बायकांच्या पायांवर अंगठा दाबत आले. दाबायचा, उचलायचा, खड्डा राहतो का बघायचा. अर्ध्या साखळीच्या पायांवर माझा अंगठा पडलेला आहे. झोपेत पण करीन मी ते. तुझ्या पायावर नाही दाबला. कारण तू रुग्ण नव्हतीस, तू मंदा होतीस, आणि मी तुझ्यावर रुसले होते. तुला चपला घालायला वाकवत नव्हतं, तरी मी हात दिला नाही.

हे तू माझ्याकडून करवून घेतलंस. मी चिडू नको तर काय करू?

आता ऐक, पुढचं. भावोजींना मी विचारलं, ऑपरेशन का नाही केलं? हयगय कोणाची? ते म्हणाले, "ती माहेरी गेली होती कौल घ्यायला. परत आली आणि म्हणाली, देवीच्या मनात नाही."

झालं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या कौलावरून आपण किती भांडलोय! दुकानाला जागा घेऊ का, विचार देवीला. प्राचीचं स्थळ, विचार देवीला. शिलाई मशीन हातानं चालवायचं की विजेवर, तेसुद्धा! मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नको. वाघेरीच्या त्या दगडांवर बसून मी तुला शंभरदा सांगितलं, "अगो, ओल सुकली की पाकळी पडते. ज्या बाजूला वारा लागतो तिथली आधी पडते." तू म्हणायचीस, "तुझ्या थर्मामीटरातला पारा चढतो-उतरतो त्याच्यावर बरा तुझा विश्वास!" तो वाद तसाच राहिला. आणि आता मला वाटलं, त्या पाकळीनेच तुला मारलं. कोणीतरी म्हातारा गुरव गाभाऱ्यात बसून सांगतो, ऑपरेशन नको, आणि माझी शहाणीसुरती मैत्रीण ऐकते!

परवाच्या शुक्रवारी मी निघाले. साखळीहून म्हापसा, म्हापशाला बाजाराची ही गर्दी, तिथून पेडणे, पुढे तुझ्या माहेरच्या गावापर्यंत रिक्षा. वाटेत मी त्या गुरवाला काय काय बोलायचं ते पाठ करत होते. देवळात कोणी नव्हतं. गुरव समईत तेल घालत होता, सत्तरीच्या पुढचा, वाकलेला. मी सभामंडपातूनच आवाज चढवला. म्हटलं, मी साखळीची, मंदाची मैत्रीण, मंदा गेली, आणि तुमच्या कौलामुळे गेली.

त्याने तेलाचं भांडं खाली ठेवलं. "मंदी गेली?" म्हणाला. त्याला माहीतच नव्हतं. तो तिथेच पायरीवर बसला. बराच वेळ डोळे पुसत राहिला. लहानपणी तुला प्रसादाचे फुटाणे द्यायचा म्हणाला. मग मला विचारलं, "बाय, कसलो कौल म्हणतंस तू?"

"ऑपरेशनचा. देवीने नको सांगितलं ना?"

"कोणी सांगलां तुका? देवीन उजवो दिलो तिका." तो माझ्याकडे बघतच राहिला. "मी पाकळ्यो लायल्यो, गाऱ्हाणां घातलंय, आणि लगेच उजवी पडली. मी तिका म्हटलंय, जा बाय, भिया नको, कर. ती 'बरां' म्हणाली, पाया पडली आणि गेली."

मी खाली बसले, मंदा. भांडायला माणूसच उरलं नाही.

देवीने हो सांगितलं होतं. जन्मभर जिच्या विचाराशिवाय तू पाऊल टाकलं नाहीस तिने हो सांगितलं, आणि तू घरी येऊन नवऱ्याला उलटं सांगितलंस. देवीच्या नावावर खोटं बोललीस. कारण तुला भीती वाटत होती. एवढंच. छाती उघडणार या नुसत्या कल्पनेने तू घाबरली होतीस. सुई बोटात गेली तर मला हाका मारणारी बाई तू! मला का नाही सांगितलंस ते मला त्या देवळात बसल्या बसल्या कळलं. देवीला काय, 'बरां' म्हणून टाळता येतं. ती काही साखळीला मागून येत नाही. मी आले असते. तुझा हात धरून, ओढत नेलं असतं मी तुला बेळगावला, रडली असतीस, शिव्या घातल्या असतीस, तरी नेलं असतं. ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत नेऊन बाहेर बसले असते. हे तुला पक्कं माहीत होतं. या जगात एकटी मीच तुला वाचवू शकले असते, म्हणून एकट्या मलाच तू बाहेर ठेवलंस.

याचा मला अभिमान वाटावा की काय? वाटतो, थोडासा. आणि लगेच संताप येतो.

आणि आता भावोजींना मी काय सांगू? ते बिचारे देवीचं मन नव्हतं म्हणून स्वतःची समजूत घालून बसलेत. रोज दिवा लावतात. त्यांना जाऊन सांगू, की तुमची बायको तुमच्याशी खोटं बोलली? माझ्याने होणार नाही. म्हणजे तू जाता जाता मलाही तुझ्या खोट्यात सामील करून गेलीस. आता मी त्यांच्यासमोर चहा पिणार आणि गप्प बसणार. तू सहा महिने माझ्यासमोर बसलीस तशीच.

मी उठायला लागले तेव्हा गुरव म्हणाला, "इतक्या लांब इलंस. काय विचारूचां आसात तर विचार."

मी आयुष्यात कधी कौल घेतलेला नाही, तुला माहीत आहे. मी म्हटलं, "विचारा, मी तिचं दुखणं आधी ओळखलं असतं तर ती वाचली असती काय?"

त्याने मान हलवली. "गेल्या माणसाचो कौल लागना नाय, बाय. तुझां काय आसात ता विचार."

माझं काय असणार? पोर परदेशी आहे, बरं आहे. माझं पेन्शन येतंय, साखर ताब्यात आहे. मग मी म्हटलं, "विचारा, मी हिला माफ करू काय?"

मला वाटलं, तो हसेल. नाही हसला. आत गेला, पाकळ्या पाण्यात बुडवून मूर्तीला लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं, "माये, ही साखळीची बाय तुझ्या पायाकडे इली हा..." मी मनात म्हटलं, ओल सुकेपर्यंत आता अर्धा तास तरी बसावं लागणार. वारा कुठून येतोय ते पण बघून ठेवलं. वारा नव्हताच.

गाऱ्हाणं संपायच्या आत पाकळी पडली. उजवी.

"माफ कर म्हणता," गुरव म्हणाला.

मी "बरां" म्हटलं, पाया पडले आणि बाहेर येऊन रिक्षात बसले. तू ऐकलं नाहीस, मंदा. मी पण ऐकणार नाही. निदान यंदा तरी नाही.